शाळेच्या प्रोजेक्टसाठी ‘अमेरिकन मुसलमान’: दहा नावांच्या यादीत काय राहून जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आठवीत, न्यू जर्सीत, जानेवारीत सोशल स्टडीजचा प्रोजेक्ट, विषय ‘अमेरिकेच्या जडणघडणीत मुसलमानांचं योगदान आणि त्यांचे अनुभव’. आईनं गुगल करून मोहम्मद अलीपासून सुरू होणारी दहा नावांची यादी काढलीय आणि विचारतायत की एवढं पुरे का, ९/११ चा विषय आणावा की टाळावा, आणि ‘हे लोक बहुतेक १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपल्यासारखेच इथे आले’ असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं तर चालेल का.

मी न्यू जर्सीतच मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवते, २००२ पासून. म्हणजे हा प्रोजेक्ट मी दिलाही आहे आणि ढिगानं तपासलाही आहे. एका वर्षी सत्तावीस पोस्टर आले त्यात एकोणीस मोहम्मद अली, त्यातले बारा तर एकाच फोटोचे. मुलांची चूक नाही हो, असाइनमेंटच मी तशी लिहिली होती, ‘एक प्रसिद्ध व्यक्ती निवडा’. पुढच्या वर्षीपासून ती ओळच काढून टाकली.

आधी ते १९६५. नाही, असं लिहू नका. ती आपली गोष्ट आहे. १९६५ च्या कायद्यानं आशियातल्या लोकांसाठी दार उघडलं, आपले डॉक्टर इंजिनीअर आले, त्याच लाटेत पाकिस्तान, इजिप्त, इराण, आपल्या हैदराबादचेही बरेच मुसलमान आले हे खरं. पण मुसलमान या देशात त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून आहेत, आणि ते विमानानं आले नव्हते, जहाजाच्या तळात साखळदंडात आले होते. पश्चिम आफ्रिकेतून जी माणसं गुलाम करून आणली त्यातली चांगली मोठी संख्या मुसलमान होती, आणि त्यातल्या काहींना अरबी लिहिता वाचता येत होतं, ज्या मालकाच्या शेतावर राबायचे त्या मालकालाही धड सही करता यायची नाही अशी उदाहरणं असतील.

मुलाला ओमर इब्न सईद द्या, मी सांगते. साधारण १७७० चा जन्म, आजच्या सेनेगलच्या भागातल्या फुता तोरोचा, पंचवीस वर्षं शिकलेला माणूस. १८०७ मध्ये पकडून चार्ल्स्टनला आणून विकला. तिथला मालक क्रूर होता म्हणून हा पळाला, नॉर्थ कॅरोलायनात फेएटव्हिलला सापडला, तुरुंगात टाकला, आणि त्यानं काय केलं तर कोठडीच्या भिंतीवर अरबीत लिहायला सुरुवात केली. गावातले लोक बघायला यायला लागले, हा कोण गुलाम लिहितोय म्हणून. पुढे एका बड्या घराण्यानं त्याला विकत घेतलं आणि तो मरेपर्यंत, १८६० च्या दशकापर्यंत, गुलामच राहिला. १८३१ मध्ये त्यानं अरबीत स्वतःचं छोटं आत्मचरित्र लिहिलं. ते सुरू होतं कुराणातल्या सूरह अल-मुल्कनं (सूरह म्हणजे अध्याय). मुल्क म्हणजे सत्ता, मालकी, आणि ती सूरह म्हणते की सगळी मालकी अल्लाहच्या हातात आहे. मालकानं विकत घेतलेला माणूस आत्मचरित्राची सुरुवात मालकी कुणाची या सूरहनं करतो, मालकाला अरबी येत नाही! मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे २०१७ मध्ये ते हस्तलिखित आलं आणि २०१९ पासून ऑनलाइन आहे, फुकट, पानापानाचे स्कॅन. एक मात्र प्रामाणिकपणे लिहायला सांगा, की तो पुढे ख्रिश्चन झाला असं त्याचे मालक सांगत आले आणि खरंच मनापासून झाला का यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. आठवीतल्या मुलाला वाद झेपतो, आपल्यालाच वाटतं झेपणार नाही.

तुम्ही एडिसनच्या बाजूला आहात तर फिलाडेल्फिया काही फार लांब नाही. तिथल्या आर्ट म्युझियमच्या संग्रहात यारो मामूतचं चित्र आहे, १८१९ मध्ये चार्ल्स विल्सन पील यानं काढलेलं, म्हणजे ज्यानं जॉर्ज वॉशिंग्टनची चित्रं काढली तोच चित्रकार. यारो हाही पश्चिम आफ्रिकेतून आणलेला मुसलमान, १७९६ मध्ये मोकळा झाला, १८०० मध्ये जॉर्जटाऊनला स्वतःची जागा घेतली, बँकेचे शेअर बाळगून होता. चित्रात म्हाताऱ्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी आहे आणि चेहऱ्यावर असं मिश्कील हसू, की वाटतं आता काहीतरी टोमणा मारेल. जायच्या आधी चित्र भिंतीवर आहे का स्टोअरमध्ये ते वेबसाइटवर बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखी टोलची फोडणी बसेल.

आणि आपल्याकडचेही १९६५ च्या कितीतरी आधी आलेत, हे आपल्या मंडळींना माहीतच नसतं. १८८० च्या दशकापासून बंगालमधल्या हुगळीच्या भागातले मुसलमान फेरीवाले चिकनकारीचं कापड, रुमाल, टेबलक्लॉथ घेऊन अमेरिकेत यायचे आणि विकायचे कुठे, तर आपल्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, ॲटलांटिक सिटीला, ॲस्बरी पार्कला, बोर्डवॉकवर उन्हाळ्यात. थंडी सुरू झाली की दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला. तिथे ट्रेमे भागात काळ्या कुटुंबांच्या शेजारी राहिले, त्यांच्यात लग्नं केली, मुलं झाली आणि दोन पिढ्यांत आडनावाखेरीज काही उरलं नाही. पुढे ब्रिटिश बोटींवरचे बंगाली खलाशी न्यूयॉर्क बंदरात बोटीवरून उतरून पळून जायचे ते हार्लेमला स्थिरावले. कायद्यानं आशियाई माणसाला नागरिक होता येत नव्हतं तो सगळा काळ. ॲटलांटिक सिटीच्या बोर्डवॉकवर आपण दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन आइस्क्रीम खातो, पण तिथे शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी बंगाली मोडकंतोडकं इंग्रजी बोलत रुमाल विकत होता हे कुणाच्या डोक्यात येतं का. मला तरी नोकरीला दहा वर्षं झाल्यावर कळलं.

हे सगळं वाचून ‘मग यादीतली प्रसिद्ध माणसं काढून टाकायची का’ असं विचाराल. नाही, पण दहा नको, एक घ्या आणि नीट घ्या.

माझी पसंती फजलुर रहमान खान. १९२९ मध्ये ढाक्याला जन्म, काही शिक्षण कोलकात्याजवळ शिबपूरला, १९५२ मध्ये फुलब्राइट स्कॉलरशिपवर इलिनॉयला आला, पुढे शिकागोच्या एस.ओ.एम. या आर्किटेक्ट कंपनीत लागला. तोपर्यंत उंच इमारत म्हणजे आत खांब आणि तुळयांचं जंगल, जितकं वर जाल तितकं वाऱ्याला तोंड द्यायला लोखंड वाढवत न्यायचं, आणि एका उंचीनंतर तो खर्चच परवडायचा नाही. खानचं म्हणणं असं की वाऱ्याशी भांडायचं काम आतल्या खांबांना कशाला, बाहेरच्या भिंतीलाच द्या, अख्खी इमारत एक पोकळ नळी समजा. १९६९ च्या जॉन हॅनकॉक सेंटरला बाहेरून ते मोठे मोठे फुलीसारखे एक्स दिसतात ना, ते सजावट नाही, तोच सांगाडा आहे. आणि सीअर्स टॉवर, आताचा विलिस टॉवर, ११० मजले, १,४५० फूट, तिथे त्यानं एक नळी नाही तर नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. मी वर्गात याला उसाची मोळी म्हणते (मी सांगली जिल्ह्यातली, दुसरं काय सुचणार), एक ऊस वाकतो, मोळी वाकत नाही, आणि मोळीतले काही ऊस खालीच संपवले, काही वरपर्यंत नेले म्हणून ती इमारत वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होते. १९९८ पर्यंत जगातली सगळ्यात उंच इमारत होती ती. आज दुबईपासून शांघायपर्यंत जे काही आभाळाला टेकतंय त्या सगळ्याला कुठे ना कुठे खानच्या या विचाराचा टेकू आहे.

पण इथेच थांबलात तर ते परत पोस्टरच झालं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तली सुरू झाल्या, तेव्हा हा माणूस करिअरच्या ऐन भरात होता, सीअर्सचं काम चालू होतं, आणि त्यानं शिकागोत बंगाली लोकांना एकत्र करून मदतीसाठी संस्था काढली, पैसे गोळा केले, अमेरिकन नेत्यांकडे खेटे घातले. अमेरिकन सरकार तेव्हा पाकिस्तानच्या लष्करी राजवटीच्या बाजूला होतं, म्हणजे ज्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याच्या धोरणाविरुद्ध तो उघड बोलत होता, आणि ते धोरण ज्या राजवटीच्या बाजूनं होतं तीही मुसलमानच. मुलाला विचारा, ‘योगदान’ कुठलं, टॉवर का हे? तो काय उत्तर देईल ते लिहू द्या, तुम्ही दुरुस्त करू नका.

तसंच अलीचं. मुलांना पंच माहीत असतात, खटला माहीत नसतो. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनला त्यानं सैन्यात भरती व्हायला धर्माच्या कारणावरून नकार दिला, किताब काढून घेतला, लायसन्स गेलं, पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अपील चालू होतं म्हणून तुरुंगात गेला नाही, पण पंचवीस ते अठ्ठावीस या वयातली बॉक्सरची सगळ्यात भारी वर्षं रिंगबाहेर गेली. सरकारचं म्हणणं होतं याची श्रद्धा खरी नाही. जून १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध ० नं शिक्षा रद्द केली. म्हणजे एखाद्या अमेरिकन माणसाचा इस्लाम खरा की खोटा हे सरकार ठरवायला बसलं होतं, ते ९/११ च्या चौतीस वर्षं आधी. अली प्रोजेक्टमध्ये हवाच असेल तर हा घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, ९/११ टाळावा का. टाळू नका. पण मुसलमानांच्या गोष्टीचा सगळा भार त्या एका दिवसावर टाकू नका, आणि त्या दिवसाबद्दल लिहायचं तर सलमान हमदानीबद्दल लिहा. कराचीत जन्मलेला, तान्हा असताना इथे आलेला, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेला तेवीस वर्षांचा मुलगा, लॅबमध्ये नोकरी, पोलिस कॅडेट, आणि इमर्जन्सी मेडिकलचं ट्रेनिंग घेतलेला. त्या सकाळी कामावर निघाला तो परत आलाच नाही. घरचे दवाखाने, शवागारं पालथी घालत होते तोवर याच्यावर संशय, घरी चौकशी, वर्तमानपत्रात हा बेपत्ता की लपलाय असे मथळे. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये पास झालेल्या पेट्रिअट ॲक्टमध्ये (९/११ नंतरचा दहशतवादविरोधी कायदा) त्याचंच नाव वीर म्हणून घेतलंय! मार्च २००२ मध्ये टॉवरच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या अवशेषांची ओळख पटली, तो मदतीला धावला होता. त्याची आई पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिली, की स्मारकावर त्याचं नाव पोलिस आणि फायर फायटरांच्या सोबत घ्या, ते तिथे नाही, वेगळ्या जागी आहे. क्वीन्समधल्या बेसाइडला त्याच्या नावाची गल्ली मात्र झाली २०१४ मध्ये. संशय आणि सन्मान दोन्ही एकाच कुटुंबाच्या वाट्याला, सहा महिन्यांच्या आत. ‘योगदान’ आणि ‘अनुभव’ असे दोन कॉलम पाडून प्रोजेक्ट करतात मुलं, सलमान कुठल्या कॉलममध्ये टाकणार सांगा.

दुसरी एक गोष्ट, ती माझ्या वर्गातली आहे. नोकरीचं पहिलंच वर्ष, २००३ चा मार्च असेल. एक मुलगा, गणितात हुशार, तीन दिवस आला नाही, मग आठवडा, मग ऑफिसनं सांगितलं की फॅमिली मूव्ह झाली. लॉकर उघडलं तर जिमचे बूट आणि लायब्ररीचं एक पुस्तक. नंतर त्याच्या मित्राकडून कळलं, वडिलांना ‘रजिस्ट्रेशन’ला जायचं होतं, शेजारचा एक माणूस गेला तो घरी परतलाच नाही, म्हणून हे रातोरात कॅनडाच्या बॉर्डरकडे निघाले. तेव्हा मला हे काय आहे ते माहीतच नव्हतं. २००२-०३ मध्ये सरकारनं पंचवीस देशांच्या, उत्तर कोरिया सोडला तर सगळे मुस्लिमबहुल, तात्पुरत्या व्हिसावरच्या सोळा वर्षांवरच्या पुरुषांना बोलावून बोटांचे ठसे, फोटो, चौकशी केली. ८० हजारांहून जास्त लोकांनी स्वतःहून जाऊन नाव नोंदवलं, त्यातल्या १३ हजारांच्या वर लोकांवर देशाबाहेर काढायची कारवाई सुरू झाली, आणि दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा एकालाही नाही. भारत त्या यादीत नव्हता. म्हणून आपण सगळे एच-वन वाले त्या वर्षी निवांत ग्रीन कार्डच्या रांगेच्या गप्पा मारत होतो आणि पलीकडच्या अपार्टमेंटमधली कुटुंबं सामान बांधत होती. पाकिस्तान, बांगलादेश यादीत होते. मी त्या मुलाला निरोपाचं कार्डसुद्धा पाठवू शकले नाही, पत्ताच नव्हता.

न्यूयॉर्क पोलिसांचं एक खातं मशिदी, कॅफे, हुक्काबार, कॉलेजातल्या मुस्लिम स्टुडंट असोसिएशन यांच्यावर नजर ठेवून होतं, हद्द ओलांडून आपल्या नेवार्कपर्यंत आले होते. २०११ मध्ये पत्रकारांनी ते बाहेर काढलं, २०१४ मध्ये ते युनिट बंद झालं. हे मुलानं दोन ओळींत घेतलं तरी पुरे, पण घ्यावं, कारण ते आपल्या काउंट्यांत घडलंय.

आकडे लागतील तर प्यू रिसर्चचा २०१७ चा अंदाज वापरा, साधारण साडेचौतीस लाख मुसलमान, लोकसंख्येच्या १.१ टक्का, आणि त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा काळे अमेरिकन. ‘मुसलमान म्हणजे अरब’ असं कुठे लिहिलं असेल तर खोडा, इथले कितीतरी अरब ख्रिश्चन आहेत.

आपल्याकडचा धागा हवाच असेल (मराठी शाळेतही दाखवणार आहात म्हणालात म्हणून) तर फरीद झकेरिया आहे. मुंबईत वाढलेला, वडील रफिक झकेरिया औरंगाबादचे आमदार आणि महाराष्ट्रात मंत्री, नवीन औरंगाबाद वसवण्यात त्यांचा मोठा हात. फरीदला इथे टीव्हीवर सगळे ओळखतात, पण २०१० मध्ये न्यूयॉर्कला ग्राउंड झीरोजवळच्या इस्लामिक सेंटरवरून वाद पेटला तेव्हा त्यानं, विरोध करणाऱ्या एका नामवंत संस्थेनं आपल्याला दिलेला पुरस्कार दहा हजार डॉलरसकट परत केला, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. आणि प्रसिद्ध नसलेले तर आपल्या आजूबाजूलाच आहेत. आमच्या ओळखीत चिपळूणकडच्या एक काकू आहेत, घरात कोकणीमिश्रित मराठी, नारळाचं दूध घातल्याशिवाय आमटी होत नाही. त्यांना ग्रोसरीत लोक विचारतात ‘पाकिस्तानी का’ आणि आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात विचारतात ‘अय्या, तुम्ही मराठी?’. त्या हसून म्हणतात, दोन्ही ठिकाणी मला आधी पासपोर्ट दाखवावा लागतो.

मंडळातच मला एकानं विचारलं होतं की मुसलमानांच्या वारशाचाच खास महिना कशाला, आपलं काय. मी म्हटलं, १५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनात मेसाला बलबीर सिंग सोढींना पेट्रोलपंपावर गोळी घातली, ते शीख होते, मारणाऱ्यानं पगडी बघितली आणि दाढी बघितली, बाकी काही विचारलं नाही. तो विषय तिथेच संपला, चहा आला.

आता मुलाला कामाला लावा. यादी फाडा, एक माणूस आणि एक वस्तू घ्या, ओमरचं हस्तलिखित, यारोची टोपी, किंवा आर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानातली चंद्रकोर कोरलेली दगडी पाटी, ती आपल्या न्यू जर्सीच्या मॅनाहॉकिनच्या करीम खान या वीस वर्षांच्या सैनिकाची, इराकमध्ये २००७ ला मारला गेला, तिला बिलगलेल्या आईचा फोटो बघून माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल २००८ मध्ये टीव्हीवर त्याबद्दल बोलले होते. मग जवळच्या मशिदीत ओपन हाऊस असतो तेव्हा जा, आधी फोन करून. प्रश्न साधे ठेवा, तुमचे आजोबा काय काम करायचे, गावात पहिली ईद कुठे केली, शाळेत सुट्टी कधीपासून मिळायला लागली (मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या आपल्या पॅटरसनला विचाराल तर यावर तासभर बोलतील). ‘तुमचा धर्म दहशतवादाबद्दल काय म्हणतो’ हे विचारू नका, तुम्हाला कुणी जातीव्यवस्थेबद्दल लिफ्टमध्ये विचारलं तर जसं वाटतं तसंच त्यांना वाटतं. आणि वर्गातल्या मुस्लिम मुलीला ‘तू सांग ना’ म्हणून पुढे ढकलायचं नाही, ती तेरा वर्षांची आहे, तिचाही प्रोजेक्ट अर्धवट असतो.

एक शेवटचं, हे बारीक आहे पण मार्क जातात. ओमरच्या हस्तलिखिताचं पान प्रिंट करून चिकटवाल तेव्हा सुलटं आहे ना बघा. अरबी उजवीकडून डावीकडे जाते. गेल्या वर्षी एकानं अख्खं पान उलटं लावलं होतं आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘ओरिजिनल’.